सावलीचा टोल

त्यांनी मला एक घडीची खुर्ची दिली
आणि मुठीत मावेल असं यंत्र.
गाडी गेली की अंगठा दाबायचा, टिक.
एकोणीस वर्षांची होते. ऑगस्ट होता.
वाल द उर्झेच्या वळणावर, झुल्मीराच्या बेकरीच्या भिंतीला टेकून
सात दिवस मी रस्ता मोजला.

ट्रक वेगळे, कार वेगळ्या.
ट्रॅक्टरला रकाना नव्हता, तो 'इतर'.
अल्बेर्तीनूचं गाढवही मी 'इतर'मध्येच घातलं,
जाताना एक, येताना एक.

ऑगस्टच का, हे कोणी विचारलं नाही.
ऑगस्टात आमच्या गावाला माणसं फुटतात.
लक्झेंबर्गमध्ये फरश्या बसवणारे, लियाँमध्ये जिने पुसणाऱ्या,
वर्षभर साठवलेलं घरी येणं
तीन आठवड्यांत उधळून जातात.
परक्या नंबरपाट्या, मागच्या सीटवर पोरं,
आजोबांशी अर्ध्याच शब्दांत बोलणारी.
चौथ्या दिवशी शाळेच्या बाई गेल्या.
शवपेटीमागे एक्केचाळीस गाड्या.
मी उठून उभी राहिले, क्रूसाची खूण डाव्या हाताने केली,
उजव्याचा अंगठा चालूच.
टिक. टिक.

कागद लिस्बनला गेला.
इंजिनिअर सेरकेराने आठवड्याचं वर्ष केलं,
वर्षाची तीस वर्षं, दर साल थोडी वाढ धरून.
बँकांनी रेघ पाहिली. चढती होती.
रेघेवर कर्ज, कर्जावर कंपनी,
कंपनीने डोंगर फोडला आणि पूल टाकले
इतके उंच, की खाली धुकं चरायचं शेळ्यांसारखं.
तीस वर्षं रस्ता कंपनीचा, पुढे सरकारचा.
जोखीम दोघांत वाटलेली;
कोणाच्या पदरात कोणती, ते अनुसूची अकरामध्ये.
जाणाऱ्याने मात्र छदाम द्यायचा नाही.
डांबराखालची तार गाडी मोजणार,
मोजलेल्या गाडीमागे सरकार देणार.
"सावलीचा टोल म्हणतात याला,"
उद्घाटनाच्या मांडवात सेरकेरा मला म्हणाला, तोंडात केक.
"गाडी तुमची, सावली सरकारची."
सावली शेवटी कोणाच्या अंगातून पडते,
हे तेव्हा मलाही सुचलं नाही.

पहिली वर्षं आम्ही अक्षरशः उडालो.
हॉस्पिटल चाळीस मिनिटांवर आलं.
माझा मुलगा वळणावर नाही, खाटेवर जन्मला.
हे मी त्या रस्त्याच्या नावावर जमा धरते. अजून.

मग देशाचे पैसे संपले.
पुलाच्या अलीकडे लोखंडी कमान उभी राहिली, कॅमेऱ्यांची;
खालून गेलं की मागोमाग घरी बिल.
आम्ही मुकाट जुन्या वळणावर परतलो,
गिअर दोनमध्ये, ट्रकच्या धुरात.
करार नव्याने लिहिला गेला:
आता पैसे गाड्यांचे नाहीत, रस्ता उघडा असल्याचे.
कोणी येवो न येवो,
दिवे लागलेले हवेत, पट्टे रंगवलेले, बर्फ उपसलेला.
उपलब्धता, असा शब्द आहे.
झुल्मीराला मी तो दोनदा वाचून दाखवला.
तिचा नवरा सदतीस वर्षं लक्झेंबर्गला.
"दार उघडं ठेवायचे पैसे मिळतात?" ती म्हणाली.
"मला कोणी सांगितलं नाही."

बेकरी आता बंद आहे. भिंत आहे.
हिवाळ्यात उन्हासाठी तिथे टेकते, तर वर पुलावर
एखादा एकटा ट्रक जातो, आणि खिशात अंगठा हलतो.

मी खोटं मोजलं नव्हतं, सेरकेरा.
एक्केचाळीस होत्या. मोजून एक्केचाळीस.
फक्त त्या कुठे जात नव्हत्या,
पोचवायला आल्या होत्या.
आणि तुमच्या रेघेवर बाई अजून चालल्यात,
दर साल थोड्या जास्त गाड्या मागे घेऊन.